बोर्डिंग, आश्रमशाळा आणि ‘स्वाधार’ : यवतमाळ जिल्ह्यात किशोरवयीन मुलांच्या निवासी शिक्षणाचे बदललेले रूप

आपल्या समाजात ‘बोर्डिंग’ या शब्दाने डोंगरावरची महागडी शाळा कधीच डोळ्यांसमोर येत नाही. वऱ्हाडातल्या माणसासाठी बोर्डिंग म्हणजे तालुक्याच्या गावी एखाद्या संस्थेने चालवलेली चार-सहा खोल्यांची इमारत, भिंतीवर बुद्ध, फुले, शाहू, आंबेडकरांच्या तसबिरी, प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, पातळ वरण आणि जवळच्या हायस्कुलात शिकायला जाणारी चाळीस-पन्नास मुले. शाळा वेगळी, राहण्याची जागा वेगळी. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या शिक्षकांना, तलाठ्यांना, बँक कर्मचाऱ्यांना, वकिलांना विचारा. त्यांच्यातले किती तरी जण ‘मी बोर्डिंगात शिकलो’ असेच सांगतील. शाळेचे नाव नंतर येते.

आता त्याच यवतमाळ जिल्ह्यात मुलगा किंवा मुलगी सातवी-आठवीत गेली की पालकांपुढे अनेक नावे येतात. नवोदय, समाजकल्याणची निवासी शाळा, शासकीय आश्रमशाळा, अनुदानित वसतिगृह, नामांकित शाळा, ‘श्रेष्ठ’, आणि दहावीनंतर शासकीय वसतिगृह किंवा ‘स्वाधार’. नावे वाढली, पण कोणते कशासाठी आहे आणि आपल्या मुलाला त्यातले काय मिळू शकते, हे नीट सांगणारे कमी. या लेखात त्याची माहिती आहे. त्याचबरोबर एक गोष्ट स्पष्टपणे मांडायची आहे. सरकारचा खर्च आणि समाजाचे लक्ष निवडक गुणवंतांकडे आणि दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांकडे सरकले आहे. मधली तेरा ते सोळा वर्षांची, साधारण गुणांची, खेड्यातली मुले-मुली ज्या जुन्या बोर्डिंगांवर अवलंबून आहेत, ती बोर्डिंगे मात्र उपाशी ठेवली जात आहेत.

बोर्डिंग का लागले

महाराष्ट्रात वसतिगृहांची चळवळ जातीच्या प्रश्नातूनच उभी राहिली. गावात माध्यमिक शाळा नव्हती. शहरात शाळा होती, पण अस्पृश्य मुलाला भाड्याने खोली कोणी देत नसे आणि खानावळीत जेवू देत नसे. म्हणजे शाळेत नाव दाखल होऊनही शिक्षण होत नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले. कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या शाहू बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीत जेवत.

बाबासाहेबांचे वसतिगृहाचे काम याच काळात सुरू झाले. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि अवघ्या सहा महिन्यांत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. त्याची व्यवस्था जिवाप्पा ऐदाळे पाहत असत. पुढे १९२८ मध्ये मुंबई सरकारने माध्यमिक शाळेतील अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी पाच वसतिगृहे मंजूर केली. ती चालवण्यासाठी बाबासाहेबांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी उभी केली. यातला ‘माध्यमिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्राथमिक शिक्षण गावात कसेबसे होई. खरी गळती पुढे, तेराव्या-चौदाव्या वर्षी होत असे. आमचे बोर्डिंग पहिल्यापासून किशोरवयीन मुलांसाठी होते ते यामुळे.

विदर्भात नागपूरचे चोखामेळा वसतिगृह आंबेडकरी पिढ्यांचे घर ठरले. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढले आणि ते सर्व जातींसाठी खुले ठेवले. अंबादेवी मंदिर सत्याग्रहात पुढाकार घेणाऱ्या माणसाने वसतिगृहही काढावे, यात नवल नाही. मंदिराचे दार आणि जेवणाची पंगत हे एकाच प्रश्नाचे दोन भाग होते. यवतमाळ तेव्हा वऱ्हाडात, म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या राज्यकारभारात होते. इथल्या मुलाला पुढे शिकायचे तर अमरावती किंवा नागपूर गाठावे लागे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर वेगळीच अडचण उभी राहिली. धम्म स्वीकारला म्हणजे अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, अशी सरकारी भूमिका होती. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली जागा यांवर ज्यांचे शिक्षण चालले होते, त्या मुलांच्या घरी हा धर्माचा आणि पोटाचा एकदम प्रश्न झाला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० साली राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती लागू केल्या. केंद्र सरकारला हेच करायला १९९० साल उजाडले. आजही राज्याच्या प्रत्येक वसतिगृहाच्या जाहिरातीत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असे दोन शब्द जोडीने येतात, त्यामागे हा तीस वर्षांचा इतिहास आहे.

यवतमाळची रचना

जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांच्या घरात आहे. अनुसूचित जमातींचे प्रमाण १८ टक्क्यांच्या पुढे, अनुसूचित जातींचे ११ टक्क्यांच्या पुढे. पण सरासरीने इथे काही कळत नाही. झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव या पूर्वेकडच्या पट्ट्यात गोंड, परधान आणि कोलाम समाजाची गावे आणि पोड आहेत. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक आहे. पश्चिमेला पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेडकडे बंजारा तांडे आहेत, आंध आदिवासी आहेत. हंगामात तांड्यांतून ऊसतोडीला माणसे बाहेर पडतात. बौद्ध वस्ती जवळपास प्रत्येक गावात आहे, पण एका गावात थोडी थोडी. बहुतेकांकडे कोरडवाहू कापूस-तूर किंवा मजुरी. शेतकरी आत्महत्यांमुळे हा जिल्हा देशभर माहीत झाला. त्या घरांतली मुलेही याच वसतिगृहांत येतात.

आदिवासी विकास विभागाची दोन प्रकल्प कार्यालये जिल्ह्यात आहेत, पांढरकवडा आणि पुसद. समाजकल्याणचे सहायक आयुक्त कार्यालय यवतमाळला. पालकाला कोणत्या दारात जायचे ते जातीच्या दाखल्यावरून ठरते. एकाच गावातली, एकाच वर्गातली, सारख्याच गरिबीची तीन मुले तीन वेगळ्या खात्यांच्या तीन वेगळ्या इमारतींत राहतात. शाहू बोर्डिंगात साताऱ्याला जे १९२४ साली एका पंगतीत बसले, ते शंभर वर्षांनी सरकारी नियमाने पुन्हा वेगवेगळ्या पंगतींत बसवले आहेत. आरक्षणाला माझा विरोध नाही, तो कोणत्याही आंबेडकरी माणसाचा असू शकत नाही. पण निधी खात्यांचा असला म्हणून मुलेही खात्यांप्रमाणे वाटली पाहिजेत, असे नाही.

आश्रमशाळा : पोडावरून दूर

आश्रमशाळेत शाळा आणि निवास एकाच आवारात असतात. आदिवासी विकास विभागाच्या राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत. शासकीय आश्रमशाळांचा विस्तार १९७२-७३ पासून झाला. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या आश्रमशाळा वेगळ्या. त्या आता इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे आहेत.

सुरुवातीला पोडावर, पाड्यावर शाळाच नव्हती, म्हणून सहा वर्षांच्या मुलालाही आईपासून दूर ठेवावे लागे. आता बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा पोहोचली आहे. सहा-सात वर्षांच्या कोलाम मुलाला आश्रमशाळेत ठेवण्याचे कारण त्यामुळे कमी झाले आहे, आणि आठवी ते बारावीच्या मुलांसाठी ते वाढले आहे. शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत, असा नियम आहे. नववीपासून पुढे मुलाच्या हातात असा कोणताही हक्क नाही. झरी जामणीतल्या एखाद्या पोडावरची मुलगी आठवी पास होते त्या दिवशी कायदा तिचा हात सोडतो.

आश्रमशाळांची बदनामीही आपण ऐकतो आणि ती खोटी नाही. सर्पदंश, ताप, उपचाराला उशीर यांमुळे झालेल्या मृत्यूंच्या चौकशीसाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. २०१६ मध्ये आपल्याच अमरावती विभागात, खामगाव तालुक्यातल्या पाळा येथील आश्रमशाळेत मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर स्त्री अधीक्षिका, तक्रारपेटी, आरोग्य तपासणी यांवर परिपत्रके निघाली. परिपत्रक निघणे आणि रात्री नऊनंतर वसतिगृहात खरोखर स्त्री कर्मचारी असणे, यांत अंतर असते. मुलीला ठेवायला जाणाऱ्या आईने रात्रीच्या वेळी तिथे कोण राहते हे विचारावे. कागद नंतर बघावा.

भाषेचा प्रश्न याहून शांत आणि खोल आहे. कोलामी आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा आहेत आणि दोन्ही आठव्या अनुसूचीत नाहीत. घरी कोलामी बोलणारे मूल शाळेत मराठी शिकते, अलीकडे इंग्रजीही, आणि सुट्टीत घरी आले की आजीशी बोलताना अडखळते. कॅनडात आदिवासींच्या दीड लाखांहून अधिक मुलांना निवासी शाळांत ठेवून त्यांची भाषा आणि ओळख पुसली गेली. २००८ साली त्या देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली आणि सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये त्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या देशातल्या अशाच शाळांबद्दल माफी मागितली. आपल्या आश्रमशाळा तशा नाहीत. इथे पालक स्वतः मूल आणून सोडतात, कायद्याने कोणी ओढून नेत नाही. बौद्ध मुलाला बोर्डिंगाने त्याची ओळख दिली, हे खरे. पण कोलाम मुलाची ओळख त्याच छताखाली झिजत असेल, तर आपल्या अनुभवावरून त्याचा अनुभव मोजता येणार नाही.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडून फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा उभारली. भीक मागणारी मुले तिथे शिकू लागली. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात तिचे ग्रंथालय आणि वर्गखोल्या पाडल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावात जागा नव्हती, त्यांची शाळाही रस्त्याच्या आड आली.

निवड परीक्षेतून मिळणारी जागा

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून नवोदय विद्यालये आली. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला सुरू झाली. यवतमाळ जिल्ह्याचे नवोदय घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला आहे. पाचवीत असताना परीक्षा, सहावीला ८० जागा, त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी, एकतृतीयांश मुलींसाठी. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, पण अनुक्रमे १५ आणि साडेसात टक्क्यांपेक्षा कमी नाहीत. राहणे, जेवण, पुस्तके मोफत. नववीपासून घेतल्या जाणाऱ्या विकास निधीतून अनुसूचित जाती-जमातींची मुले, सर्व मुली आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतली मुले मुक्त आहेत. शिकवण्याचा दर्जा चांगला. पण संपूर्ण जिल्ह्याला वर्षाला ८० जागा, आणि मुलाचे भवितव्य दहाव्या-अकराव्या वर्षी ठरते. ज्या गावात शिक्षक पाचवीच्या मुलांची तयारी करून घेतो, त्या गावातून दरवर्षी एक-दोन नावे लागतात. बाकी गावांत हा फॉर्म निघतो हेच कळत नाही.

सामाजिक न्याय विभागाच्या ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलां-मुलींच्या शासकीय निवासी शाळा’ सहावी ते दहावीच्या आहेत. त्यांत ८० टक्के जागा अनुसूचित जाती-नवबौद्धांसाठी, १० टक्के अनुसूचित जमातींसाठी, ५ टक्के विमुक्त व भटक्यांसाठी, २ टक्के विशेष मागास प्रवर्गासाठी आणि ३ टक्के दिव्यांगांसाठी असतात. म्हणजे थोडी का होईना, मिसळ इथे आहे. जुन्या बोर्डिंगाचे काम सरकारने स्वतः चांगल्या इमारतीत करायला घेतले, असे या शाळांचे वर्णन करता येईल. मर्यादा एवढीच की दहावीला त्या संपतात.

केंद्राची ‘श्रेष्ठ’ योजना २०२२ पासून प्रत्यक्षात आली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेद्वारे निवडून नववी आणि अकरावीत सीबीएसईच्या खासगी निवासी शाळांत प्रवेश, आणि फी केंद्र सरकार भरते. नववीला वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, बारावीला १ लाख ३५ हजारांपर्यंत. पण ही परीक्षा इंग्रजी-हिंदीच्या आणि शहरी तयारीच्या मुलांना सोपी जाते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्याची ‘नामांकित शाळा’ योजना साधारण याच विचाराची आहे. सरकारने स्वतःची शाळा सुधारण्याऐवजी दुसऱ्याच्या शाळेत जागा विकत घ्यायची.

छपराऐवजी खात्यात पैसे

गेल्या दहा वर्षांतला सर्वांत मोठा बदल दहावीनंतर झाला. शासकीय वसतिगृहांच्या जागा मर्यादित आणि अर्ज कितीतरी जास्त, म्हणून २०१६-१७ पासून ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ सुरू झाली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याच्या खात्यात थेट रक्कम. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार. यवतमाळसारख्या नगरपरिषद असलेल्या जिल्हा ठिकाणी ४३ हजार, त्यात भोजनाचे २५ हजार, निवासाचे १२ हजार आणि निर्वाहाचे ६ हजार. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि मागील परीक्षेत ५० टक्के गुण (दिव्यांगांना ४० टक्के) ही मुख्य अट. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच वेळी ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना’ आली.

यात चांगले बरेच आहे. विद्यार्थ्याला वॉर्डनच्या मर्जीवर राहावे लागत नाही. बेचव जेवण, गळके छप्पर, सातच्या आत परत येण्याची सक्ती यांतून सुटका होते. ज्या मुलीला शासकीय वसतिगृहाची जागा मिळाली नसती, तिचे शिक्षण थांबत नाही.

पण निवासाचे १२ हजार म्हणजे दहा महिन्यांचे वर्ष धरले तर महिन्याला १,२०० रुपये. एवढ्यात यवतमाळ शहरात एकट्याला खोली मिळत नाही. तिघे-चौघे मिळून घ्यावी लागते. त्यातही रक्कम हप्त्यांत आणि उशिरा जमा होते, आणि घरमालक थांबत नाही. शिवाय घरमालक आजही आडनाव विचारतो. १९२५ साली वसतिगृह काढावे लागले त्यामागे खोली न मिळण्याचे कारण होते. २०१६ साली सरकारने मुलाच्या हातात पैसे देऊन त्याला पुन्हा त्याच घरमालकाच्या दारात उभे केले. काही ठिकाणी तो दार उघडतो, हा शंभर वर्षांतला फरक. सगळीकडे उघडतो असे म्हणण्याइतका फरक अजून पडलेला नाही.

आदिवासी वसतिगृहांत हाच प्रयोग जेवणावर झाला. २०१८ मध्ये खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात देण्याचे ठरले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्या जुलैत पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. त्यांचे म्हणणे साधे होते. पैसे उशिरा आले तर त्या दिवशी जेवायचे काय? पैसे घरी पाठवावे लागले तर? खात्यात आलेले पैसे आणि ताटात आलेले जेवण यांत हाच फरक आहे. दुष्काळाच्या वर्षी आईने फोनवर अडचण सांगितली, की सतरा वर्षांचा मुलगा अर्धे पैसे घरी पाठवतो आणि स्वतः वडापाववर दिवस काढतो. तो चुकतो असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

आणखी एक गोष्ट गेली, ती मोजता येत नाही. बोर्डिंग म्हणजे नुसते झोपण्याचे ठिकाण नव्हते. दारव्ह्याचा मुलगा आणि वणीचा मुलगा तिथे पहिल्यांदा भेटत. जयंतीची तयारी, वक्तृत्व, भिंतीपत्रक, संध्याकाळी त्रिसरण-पंचशील, मोठ्या मुलांनी लहानांचे गणित घेणे. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारातून दलित पँथरची माणसे उभी राहिली, औरंगाबादच्या नागसेनवनातल्या वसतिगृहांतून नामांतराचे कार्यकर्ते आले. ‘स्वाधार’चा विद्यार्थी आपल्या खोलीत मोबाइलवर एकटा अभ्यास करतो. त्याला दोष नाही. पण त्याच्या शेजारी कोण राहते, हे त्यालाही माहीत नसते.

‘नीट’ आणि ‘जेईई’ने अकरावी-बारावीचे चित्र आणखी बदलले. उमरखेड-पुसदची मुले नांदेड-लातूरला, वणी-मारेगावची नागपूर-चंद्रपूरला जातात. क्लास, खासगी वसतिगृह, मेस असा एकत्र धंदा तिथे उभा आहे. नोकरदार बौद्ध कुटुंबांतली मुले आता तिथेच दिसतात. म्हणजे ज्या वर्गाने बोर्डिंगातून वर येऊन संस्था चालवल्या, त्याच वर्गाची नातवंडे बोर्डिंगात येत नाहीत. बोर्डिंग आता मजुराच्या मुलाचे राहिले, आणि त्याच्याकडे बघणारी वजनदार माणसे कमी झाली.

अनुदानित बोर्डिंगांची दशा

समाजकल्याण विभागाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात अशी दोन हजारांहून अधिक वसतिगृहे राज्यात आहेत. यवतमाळ जिल्ह्यातली बहुतेक जुनी बोर्डिंगे याच प्रकारची. पाचवी ते दहावीची मुले, एक अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस, चौकीदार. या कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी नाही, मानधन मिळते, आणि त्यासाठीही वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. मुलामागे मिळणारे परिपोषण अनुदान महिन्याला ९०० रुपयांवरून १,५०० झाले आणि २०२३ मध्ये २,२०० रुपये झाले. २,२०० म्हणजे दिवसाला ७३ रुपये. त्यात दोन वेळचे जेवण, नाश्ता, तेल, साबण, वीज, पाणी. वाढत्या वयाच्या मुलाला किती भाकरी लागतात हे ज्या घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे, त्या घराने सांगावे.

‘श्रेष्ठ’मधल्या नववीच्या मुलामागे वर्षाला १ लाख, आणि बोर्डिंगातल्या नववीच्या मुलामागे दहा महिन्यांचे २२ हजार. पहिल्या रकमेत शाळेची फी आहे, दुसरीत नाही, हे मान्य. तरीही एवढी दरी त्याने भरून निघत नाही. परीक्षेत पहिला आलेला मुलगा महत्त्वाचा आहे. पण परीक्षेला न बसलेल्या पन्नास मुलांचे काय, हा प्रश्न बाबासाहेबांच्या काळात वसतिगृहाच्या केंद्रस्थानी होता आणि आता कडेला गेला आहे.

बोर्डिंगांचे पापही झाकायला नको. हजेरीपटावर साठ आणि पंगतीला पंचवीस, ही तक्रार नवी नाही. संस्था एका घराची मालमत्ता झाली, तपासणीच्या दिवशी आसपासची मुले आणून बसवली, असे प्रकार लोकांना माहीत आहेत. त्यामुळे एखादे बोर्डिंग बंद पडले तर गावाला हळहळ वाटत नाही. पण भ्रष्ट संस्थेची मान्यता काढणे वेगळे आणि ती जागाच कायमची रद्द होणे वेगळे. जागा गेली की त्या तालुक्यातून आठवीनंतर शिकणारी दहा-वीस मुले दरवर्षी गेली.

बस आहे ना, असे उत्तर मिळते. खरे आहे, एसटीच्या मोफत पासाने आणि मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसने हजारो मुली शाळेत टिकल्या. ज्या गावाला सकाळ-संध्याकाळ बस आहे, तिथल्या मुलीने घरी राहूनच शिकावे, हेच बरे. पण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की बस येत नाही. शिवाय घरी राहणाऱ्या मुलीकडून सकाळी पाणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवून शेतातले काम अपेक्षित असते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे वसतिगृहे रिकामी झाली. घरी गेलेल्या सगळ्या मुली परत आल्या नाहीत. काहींची लग्ने लागली. छताने मुलीला अभ्यासाची जागा मिळते, तशी लग्न पुढे ढकलायला दोन-तीन वर्षेही मिळतात.

२०२३ मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा प्रस्ताव मांडला. नमुना म्हणून पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ दाखवले गेले. हा विचार पुढे गेला तर यवतमाळच्या पोड-तांड्यांवरून आणखी लहान मुले घर सोडतील, आणि निवासी जागांची गरज कमी न होता वाढेल. अशा वेळी असलेली बोर्डिंगे मोडीत काढण्यापेक्षा त्यांना बारावीपर्यंत मान्यता देणे, अनुदान महागाईला जोडणे आणि मुलींच्या जागा वाढवणे अधिक शहाणपणाचे आहे. ‘स्वाधार’च्या विद्यार्थ्यांसाठी यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा येथे समाजाच्या विहारांत अभ्यासिका आणि संध्याकाळची एक वेळची सामूहिक खानावळ चालवता येईल. त्याला सरकारी परवानगी लागत नाही. विहाराची चावी कोणाकडे राहते, एवढाच प्रश्न सोडवावा लागतो.

प्रवेशाआधी पाहायचे कागद

जातीच्या दाखल्याकडे वेळीच लक्ष द्या. अनेक घरांत दाखल्यावर आणि शाळेच्या नोंदीत नुसते ‘बौद्ध’ असते. राज्याच्या योजनांत ते चालून जाते. नवोदय, ‘श्रेष्ठ’ अशा केंद्राच्या योजनांत मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असलेला, केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागितला जातो, आणि तो नसल्यामुळे निवड झालेल्या मुलाची जागा अडकते. तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात हा दाखला फॉर्म भरण्याआधीच काढून ठेवावा. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो. ‘स्वाधार’साठी बँक खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले हवे. विद्यार्थी ज्या शहरात शिकतो तिथला स्थानिक रहिवासी नसावा, अशीही अट आहे. यवतमाळ शहरातल्या मुलाने शहरातल्याच महाविद्यालयासाठी केलेला अर्ज बाद होतो.

अकरावी-बारावी विज्ञानाला असलेल्या मुलांनी जात पडताळणी समितीकडे अर्ज बारावीच्या वर्षातच, महाविद्यालयामार्फत द्यावा. निकालानंतर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाल्यावर समितीच्या दारात रांग लागते. वडील, आजोबा किंवा चुलत्याचा शाळा सोडल्याचा जुना दाखला तिथे सर्वांत उपयोगी पडतो. ज्यांचे आजोबा बोर्डिंगात राहून शिकले, त्यांच्या घरी तो पत्र्याच्या पेटीत बहुधा अजून असतो.